गोजाईचा उसासा

कासारझरे गावात शिरताना रस्ता जिथे उंचवट्यावर चढतो, तिथे अगदी मधोमध एक दगडी खांब उभा आहे. एसटी त्याला वळसा घालून जाते, लग्नाच्या वराती त्याच्यापाशी थांबून वाजंत्री बंद करतात. खांब दोन पुरुष उंच, आतून पोकळ आणि वरून उघडा आहे. पायथ्याशी हात जाईल एवढा झरोका आहे. त्याला कान लावला की आतून वारा वर चढताना ऐकू येतो, पण सरळ नाही; थांबत, अडखळत, दमेकरी माणसाच्या छातीसारखा. गाव त्याला गोजाईचा उसासा म्हणतं. त्याच्या तोंडावर झाकण घालायचं नाही, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही आणि आजवर कुणी मोडलेलंही नाही.

पुंडलिकतात्या जिनगरांचं घर या खांबासमोरच. सारी उमर त्यांनी नगरपालिकेच्या पाणी खात्यात प्लंबर म्हणून काढली. आता गुडघे बोलतात, पाना हातात धरवत नाही, पण गावात कुणाचा नळ रुसला की माणूस आधी तात्यांच्या ओट्यावर येतो. तात्या चहा पाजतात आणि बसल्या जागी निदान सांगतात. "नळ ठिबकतोय म्हणून जोर लावून पिळू नका. आतला वायसर झिजलाय, तो बदला. पिळून पिळून आटे जातील, मग आख्खा नळच बदलावा लागेल." असं त्यांचं बोलणं.

त्या दिवशी सकाळी मृणाल देवस्थळी आपल्या सासूबाईंना घेऊन आली. मृणालची बदली कासारझऱ्याच्या बँकेत झालेली. खालच्या आळीत दोघींनी घर घेतलं होतं, नवी पाइपलाइन टाकून घेतली होती, गच्चीवर टाकी काठोकाठ भरलेली. पण स्वयंपाकघरातल्या नळाला थेंब येईना. नळ नुसता फुसफुसायचा, थुंकायचा आणि गप्प व्हायचा. वर पाइपात कुठेतरी धडधड व्हायची ती निराळीच.

"टाकीपासून पाइप खाली येताना मध्ये कुठे वर चढलाय का?" तात्यांनी विचारलं.

"हो," कुंदाताई, म्हणजे मृणालच्या सासूबाई, म्हणाल्या. "खिडकीच्या वरून फिरवून नेलाय."

"मग तिथे हवा अडकलीय, वहिनी. पाण्याला पुढे जायचंय आणि हवेला जायला वाट नाही. दोघं एकमेकांना ढकलत बसलेत. घरातले सगळे नळ आधी उघडे करा, गच्चीजवळचा सर्वांत आधी. मग टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडा, एकदम नाही. फुरफुरू दे, ठसकू दे, गढूळ येऊ दे. मध्येच घाबरून बंद करू नका. आणि त्या चढावर वर तोंड करून एक उघडा पाइप बसवून घ्या, टाकीपेक्षा उंच. त्याच्या तोंडाला जाळी लावा. बोळा कोंबायचा नाही."

मृणालला गंमत वाटली. "एवढ्याशा उघड्या पाइपानं होतं?"

"एवढ्याशा पाइपासाठी या गावानं एक बाई जमिनीत घातलीय," तात्या म्हणाले आणि त्यांनी समोरच्या खांबाकडे हात केला. "नव्या घरचा पहिला तांब्या तसाही तिथेच घालायचा असतो. चला."

तिघं रस्ता ओलांडून खांबाशी गेले. तात्या पायथ्याच्या दगडावर टेकले. ही कथा त्यांनी कितीतरी पाहुण्यांना सांगितली होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली उतरायचा.

फार जुन्या काळी, असं सांगतात, कासारझऱ्याला पाणी होतं ते फक्त वरच्या डोंगरात. गावातल्या विहिरी मचूळ; त्या पाण्यात डाळ शिजायची नाही की साबणाला फेस यायचा नाही. बायका डोंगर चढून झऱ्यावर जायच्या. उतरताना पाय घसरून कितीजणी गेल्या, त्याची गणती नाही. शेवटी गावच्या देशमुखानं ठरवलं, झराच गावात आणायचा. कुंभारवेशीतल्या केरबा कुंभाराला बोलावणं गेलं. मातीचे नळ घडवायचे, भाजायचे, एकात एक घालून जमिनीखालून आणायचे.

केरबाच्या घरात माणसं तीन. केरबा, त्याची म्हातारी आई गोजाई आणि तिची नवी आलेली सून चिमा. गोजाईला दमा होता. मडकी भाजायच्या आव्याच्या धुरात जन्म गेलेला. चार पावलं टाकली की खाली बसायची. पण माती ओळखावी तर तिनंच. केरबा नळ घडवी, गोजाई बोटानं वाजवून कच्चा कुठला नि पक्का कुठला ते सांगे, आणि चिमा चुना, ताग नि गूळ कालवून सांधे भरी. चिमाचा सांधा कधी गळला नाही, असं म्हणतात.

नळ गावापर्यंत आले. झऱ्याचं तोंड सोडलं. सारं गाव खाली बांधलेल्या नव्या हौदाभोवती जमलेलं. पाणी डोंगर उतरलं, या उंचवट्यापर्यंत आलं आणि जमिनीतून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. नळाच्या ठिकऱ्या उडाल्या. पुन्हा घडवले, पुन्हा पुरले, पुन्हा इथेच फुटले. चिमाचे सांधे शाबूत असायचे, नळ मात्र मधोमध उकलायचे.

मग गावानं देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, जमीन माणूस मागतेय. ज्या घरानं तिच्या पोटात हात घातला, त्याच घरची लक्ष्मी तिला द्या. घरची लक्ष्मी म्हणजे सून. चिमाचं नाव सगळ्यांच्या ओठावर आलं.

केरबानं देशमुखाचे पाय धरले. देशमुखही काही राक्षस नव्हता. पण डोंगरावर जीव गेलेल्या लेकी-सुनांच्या घरची माणसं त्याच्या दारात येऊन बसली होती. त्यांना तो काय सांगणार? तेव्हा गोजाई काठी टेकत पुढे झाली, असं सांगतात. चावडीपर्यंत येताना ती तीनदा बसली. धाप आवरून म्हणाली, "लक्ष्मी मी. या घरात माप ओलांडून मी आधी आले. ही पोर काल आली." देवऋष्यानं ते मान्य केलं.

ऐकता ऐकता मृणालनं नकळत सासूबाईंकडे पाहिलं. कुंदाताईंची नजर झरोक्यावर होती.

नळाची ओळ या जागी तोडून खड्डा केला. गोजाईला हळदकुंकू लावून आत उतरवलं. भोवतीनं भिंत रचायची होती, आणि रिवाज असा की पहिला दगड घरच्यानंच ठेवायचा. केरबाच्या हातून दगड उचलवेना. तो तिथेच कोसळला. गवंडीही पुढे होईनात. कुणाच्या आईवर कोण दगड रचणार? तेव्हा चिमानं पदर खोचला. खड्ड्यात उतरून आतल्या बाजूनं तिनं एकटीनं दगड लावत आणले. गाव पाठ फिरवून उभं होतं. बघवत नव्हतं कुणालाच.

भिंत डोक्याच्या वर गेली. चिमा शेवटी बाहेर आली. आता वरून शिळा ठेवायची, तर आतून गोजाईचा आवाज आला, "झाकू नका गं. माझा जीव घुसमटतो. वरून तेवढा वारा राहू द्या." मरणाऱ्या माणसाची मागणी. देशमुखानं शिळा बाजूला ठेवायला लावली.

डोंगरात झऱ्याचं तोंड सुटलं. गाव कानात बोटं घालून उभं राहिलं. आणि या खांबातून वाऱ्याचा असा लोट उसळला, की वरच्या झाडांची पानं उडून गेली. मोठा, लांब उसासा. त्याच्या मागोमाग आत पाणी चढल्याचा आवाज. नळ फुटला नाही. खाली हौदात धार पडली. बायकांनी ओंजळी भरल्या, आणि पहिली ओंजळ पिताना एकीच्याही डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"आणि गोजाई?" मृणालनं विचारलं.

"त्यात दोन मतं आहेत," तात्या म्हणाले. "वरची आळी म्हणते, ती पाणी झाली. खांबाच्या तोंडाशी नुसता हिरवा पदर तरंगत वर आला म्हणे. म्हणून वरच्या आळीत तिची पूजा असते, नैवेद्य असतो. कुंभारवेशीतली माणसं बोलत नाहीत. विचारलं तर हसतात आणि म्हणतात, आमच्या घरची म्हातारी, आमचं आम्हाला ठाऊक."

कथा इथे संपायची. पाहुणे हात जोडायचे, फोटो काढायचे. पण मृणाल खांबाभोवती फिरत होती. तिनं झरोक्यातून हात घालून आतला दगड चाचपला.

"तात्या, चिमानं भिंत आतून का रचली? बाहेरून रचणं सोपं नव्हतं?"

हा प्रश्न तात्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली, ती त्यांनी जाऊ दिली. मग म्हणाले, "मी आत उतरलोय."

लोखंडी लाइन आली तेव्हाची गोष्ट. जुना नळ गाळानं तुंबला होता, हौद आटत चाललेला. तात्या तेव्हा काटकुळे, म्हणून त्यांनाच कमरेला दोर बांधून वरून आत सोडलं. गाळ काढून झाला. पाण्याला वाट मिळाली आणि ते घोट्यावर आलं, गुडघ्यावर आलं. तात्यांनी घाबरून भिंतीवर हात मारले, तर हाताला दगड लागला. भिंतीतून पुढे आलेला. त्याच्या वर दुसरा, डावीकडे. मग उजवीकडे. ते त्या दगडांवरून चढत बाहेर आले. वरच्या लोकांना वाटलं, दोरानं आपणच ओढून काढला.

"गाळ उपसायला ठेवलेल्या पायऱ्या असतील," मृणाल म्हणाली.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण उपसणाऱ्या गड्यासाठी असतील तर लांब लांब असत्या. या अगदी जवळ जवळ आहेत. लहान मुलाला किंवा म्हातारीला पाय टाकता येईल अशा." तात्यांनी हातानं अंतर दाखवलं. "आणि निम्म्यावर एक दगड रुंद आहे. पाट ठेवल्यासारखा. मी त्याच्यावर बसलो होतो. गड्याला तिथे बसायचं काय कारण? तिथे तोच बसेल, ज्याला चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते."

कुंदाताईंच्या तोंडून हलकेच "अगं बाई" एवढंच निघालं.

तात्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वरच्या आळीतल्या आयाबाया गोजाईपुढे लेकरं ठेवतात, दम्याचं माणूस आणून बसवतात. त्यांना कसं सांगावं, की तुमची देवी मेलीच नाही, पायऱ्या चढून घरी गेली नि भाकरी खाऊन निजली? शिवाय खरं काय ते तात्यांनाही कुठे ठाऊक होतं? दगड होते. ते कुणी, कशासाठी ठेवले, हे दगड सांगत नाहीत.

"पण चढली असेल," मृणाल म्हणाली. "असेल ना, तात्या?"

शेजारणीच्या सांगण्यावरून टाकीतलं पाणी भरून आणलेला तांब्या कुंदाताईंनी पिशवीतून काढला. दोघींनी मिळून तो धरला आणि खांबाच्या पायथ्याशी ओतला.

दुपारी तात्या गुडघे धरत का होईना, खालच्या आळीत गेले. पाना त्यांनी हातात घेतला नाही. सगळं मृणालकडूनच करून घेतलं. गच्चीजवळचा नळ आधी, मग न्हाणीतला, शेवटी स्वयंपाकघरातला. व्हॉल्व्ह पाव आटा फिरवला, थांबले, पुन्हा पाव आटा. भिंतीतल्या पाइपात गुडगुड झाली. स्वयंपाकघरातला नळ फुसफुसला, ठसकला, लालसर पाण्याची एक चूळ टाकून गप्प झाला. कुंदाताईंचा हात नळ बंद करायला पुढे गेला.

शेजारच्या दारात कुंभारवेशीतल्या घराण्यातली एक सून निवडायचं सूप घेऊन उभी होती. ती घाईनं म्हणाली, "बंद नका करू काकू. बोलवा तिला." आणि कासारझऱ्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत तेच, जराही विचार न करता, नळाकडे बघून म्हणाली.

तात्यांनी ते शब्द जन्मभर ऐकले होते. त्यांची आई म्हणायची, बायको म्हणायची, ज्या ज्या घरात त्यांनी नळ जोडला त्या त्या घरात कुणी ना कुणी म्हणालं होतं. त्या दिवशी मात्र ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. सुनेचं बोलणं होतं ते, सासूला मारलेली हाक. आणि जी पाण्याबरोबर वाहून गेली, तिला कुणी अशी हाक मारत नाही.

नळ पुन्हा एकदा जोरात उसासला आणि स्वच्छ धार लागली.

आजही कासारझऱ्यात नव्या नळाला पहिल्यांदा पाणी सोडतात आणि तो नुसताच फुरफुरत राहतो, तेव्हा घरची बाई त्याला हात लावत नाही. बाजूला उभी राहून, दम्याच्या माणसाला घाई करू नये अशा आवाजात, ती म्हणते, "या आत्याबाई, सावकाश वर या."