छकुली, वय सतरा

"फाडते म्हणजे... मधूनच फाडते, की पहिल्या पानापासून?"

आक्कांनी असं विचारल्यावर उर्मिलाला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय आपली. दोन एसट्या बदलून, उन्हात टेकडी चढून ती मठात आली होती ती अंगाऱ्यासाठी.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "दोन वर्षं रक्त आटवलंय हो मी. परातीत पीठ पसरून एकेक अक्षर गिरवून घेतलंय हिच्याकडून. मी स्वतः सातवी पास. शाळेतल्या बाईंनी हात टेकले, मी नाही टेकले. जोडाक्षरंसुद्धा येतात तिला! आणि आता महिना झाला, पुस्तक दिसलं की टराटरा फाडते. हेही गेलं तर माझ्या माघारी हिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

ज्या लेकीबद्दल हे चाललं होतं ती ईश्वरी ओसरीच्या टोकाला बसली होती. आईकडं पाठ करून.

"पुस्तक दाखव."

उर्मिलानं पिशवीतून चिकटपट्ट्यांनी जोडलेलं पुस्तक काढलं. आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी ते नुसतं चाचपलं.

"काय आहे यात?"

"ससा आहे. गाजर खातो."

"मग?"

"मग... झोपतो."

"मग?"

"झाली गोष्ट. झेपेल तेच द्यायला हवं ना? बुद्धी सात वर्षांची आहे तिची. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय."

"आणि वय?"

"सतरा."

"सतराव्या वर्षी तू काय करत होतीस गं?"

"माझं लग्न ठरत होतं."

"म्हणजे गाजर खाऊन झोपत नव्हतीस."

उर्मिलाला हसू आलं नाही. लोकांना गंमत सुचते. ज्याचं जळतं त्याला कळतं.

"महिन्यापूर्वी काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"धाकट्या दिराच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. हिनं अख्खा गठ्ठा मांडीवर घेतला आणि कंपासच्या टोकानं एकेक पत्रिका खरडली. मोठ्या जाऊबाईंनी सगळ्यांदेखत थोबाडीत दिली तिच्या." उर्मिला थांबली. "मीही दिली."

"खरडली म्हणजे सगळी?"

"नाही. प्रत्येकीवर एकाच जागी."

पत्रिका पिशवीत होतीच. अगदी तळाला, फुगे छापले होते तिथं कागदाला पडलेलं भोक आक्कांच्या बोटाला लागलं.

"भोकाच्या आजूबाजूचं वाच."

"आमच्या काकाच्या लग्नाला नत्की यायचं हं... चिंटू, परी..." उर्मिलाचा आवाज खाली आला. "आणि छकुली. आम्ही ईश्वरीला लाडानं म्हणतो तसं."

"चिंटू केवढा?"

"तीन वर्षांचा."

"परी?"

"पाचवं लागेल आता."

पुढचं नाव आक्कांनी विचारलं नाही.

"घरात छकुलीच्या बरोबरीचं कुणी?"

"जाऊबाईंची शर्वरी. चार महिन्यांनी लहानच आहे हिच्यापेक्षा. तिचं नाव वर आहे, स्वागतोत्सुकमध्ये. कुमारी शर्वरी."

"मजकूर कुणी लिहिला?"

उर्मिला पत्रिका पिशवीत कोंबू लागली.

"कुणी लिहिला गं?"

"मी." उर्मिलानं पदर तोंडाला लावला. "माझं अक्षर चांगलं, म्हणून दीर म्हणाले वहिनी तुम्हीच लिहा. जाऊबाई म्हणाल्या, हिला वर नको घालू, चारचौघांत विचारणा होते. मला वाटलं, खाली का होईना, नाव तरी छापून येईल पोरीचं. खूश होईल. आणि तिनं ते एका दमात वाचलं, आक्का. कुठं अडखळली नाही."

आक्कांनी सतरंजीखाली हात घातला. उर्मिलानं अंगाऱ्यासाठी ओंजळ पुढं केली.

निघालं एक पोस्टकार्ड.

"ईश्वरीताई, इकडे येता का जरा? सकाळी पोस्टमन टाकून गेला. मला दिसत नाही. वाचून दाखवा."

ईश्वरीनं मागं वळून बघितलं. ताई कुणाला म्हणतायत ते तिला आधी कळलंच नाही. मग ती आली, कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं. चित्र नव्हतं कुठंच.

आता फाडणार, म्हणून उर्मिलानं डोळे मिटले.

"आक्कांना... दंडवत," ईश्वरी वाचू लागली. प्रत्येक शब्दाखाली बोट. "आपल्या गोदाआक्का... मंगळवारी... गेल्या."

उर्मिला चटकन पुढं सरकली. "दे बाळा, मी वाचते. मरणाचं आहे हे, तुला नाही समजायचं..."

ईश्वरीनं कार्ड छातीशी धरलं. आईचा हात बाजूला झाल्यावर परत बोट ठेवलं.

"दोन महिने... अं-थ-रु-णावर होत्या. शेवटी अन्न सोडलं. तुमची... वाट बघत होत्या. तुम्ही... आला नाहीत."

मागच्या झाडावर कावळा ओरडत होता. आक्कांचे हात मांडीवर होते तसेच राहिले.

ईश्वरीनं कार्ड खाली ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"गोदाआक्का कोण?"

"माझी गुरुबहीण. आम्ही दोघी एकाच दिवशी मठात आलो."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"आमचं भांडण होतं."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

ईश्वरी विचार करत राहिली. "चूक कुणाची होती?"

"ईशू!" उर्मिला कानकोंडी झाली. "असं विचारतात का मोठ्यांना? माफ करा हं आक्का, तिला काही कळत नाही. चल बाळा, आपण..."

आक्कांनी मान वळवली नाही. त्यांचं तोंड ईश्वरीकडंच होतं.

"उर्मिला, मोठी माणसं बोलत असताना लहानांनी मध्ये बोलू नये."