शेवटच्या पंगतीचा अंदाज

बरं, तुम्हीच सांगा, पाच हजार माणसं जेवायला येणार असतील तर लाडू किती वळायचे? अंदाजे नाही, नेमके. एक उरता कामा नये आणि एक कमी पडता कामा नये.

नाही ना सांगता येत? सोनखेडच्या तात्यांनाही येत नव्हतं, आणि त्यांची तर नोकरीच ती होती. तात्या दरबाराचे अंदाजनवीस. पुढे काय लागेल, किती लागेल, हे त्यांनी आधीच कागदावर मांडून द्यायचं. पगार बरा होता, उन्हात डोक्यावर छत्री धरायला शिपाई होता. फक्त राजे गुमानसिंहांचा एक हुकूम होता. अंदाज चुकून काही उरलं, तर ते अंदाजनवीसाने खायचं. आणि ‘मला कमी पडलं’ असं एकाही माणसाने उभं राहून सांगितलं, तर अंदाजनवीसाने महिनाभर उपाशी राहायचं.

तात्यांच्या आधीच्या अंदाजनवीसांनी तबेल्याचे हरभरे जास्त धरले होते. अकरा पोती खाल्ली त्यांनी. अजूनही घोड्यांची रांग दिसली की ते आपसूक टोकाला जाऊन उभे राहतात. त्यांच्या आधीच्यांची तोफेची दारू उरली होती. ते मात्र त्याच दुपारी राज्य सोडून गेले.

आता राजांना पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नास वर्षं गोड गेली म्हणून गावजेवणात भात नाही, भाजी नाही, नुसते लाडू.

तात्या ओसरीवर कागद घेऊन बसले होते. “पैलवान वीस खातो,” ते पुटपुटले. “नवी सून लाजून अर्धा खाते. आणि वरच्या आळीतले लोक खिसे भरून नेतात, ते कुठल्या रकान्यात घालू?”

त्यांची मुलगी ठकू शेजारी शेंगा फोडत होती. “तात्या, या नोकरीत पुढे काय असतं हो?”

“पुढे सरहद्द असते, बाळे.”

ठकू हसली नाही. तात्यांना पित्ताचा त्रास होता. दोन लाडू जास्त झाले तरी ते आडवे व्हायचे, आणि महिनाभर उपाशी राहिले तर पुन्हा उठलेच नसते.

तेवढ्यात न सांगता मामा आला, बरोबर दोन मुलं. आईने आणखी तीन पानं मांडली. सगळे पोटभर जेवले. ठकूने टोपलीत डोकावून पाहिलं तर आत भाकरीचा तुकडासुद्धा नव्हता.

“आई, तू गं?”

“मी करता करताच खाल्लं. माझं पोट भरलंय.”

स्वयंपाक होताना ठकू चुलीपाशी ये-जा करत होती. आईने पाण्याशिवाय काही तोंडात घातलेलं तिने पाहिलं नव्हतं. ती रिकाम्या टोपलीकडे बघत राहिली. मग तिने तात्यांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि तडक दरबारात गेली.

“तू कोण?” राजांनी विचारलं.

“अंदाजनवीसांची ठकू. आकडा आणलाय, वीस हजार लाडू. एक उरायचा नाही आणि कुणी कमी म्हणायचं नाही. पण एक अट आहे. राजांनी शेवटच्या पंगतीला, शेवटच्या पानावर बसायचं.”

कारभारी पुढे आले. “अगं पोरी, राजे पहिल्या पंगतीला बसतात.”

“पहिल्या पंगतीला पाहुणे बसतात. यजमान शेवटी बसतो. मग यजमान कोण, तुम्ही का?”

कारभारी दोन पावलं मागे सरकले.

“आणि तरीही अंदाज चुकला तर?” राजांनी मिशी पिळली.

“उरलेलं मी खाईन, उपाशीही मीच राहीन. तात्यांना मात्र सोडायचं.”

“कबूल.”

गावजेवणाला सगळं गाव लोटलं. पैलवानांनी पंचवीस-पंचवीस उडवले. नव्या सुना यंदा लाजल्या नाहीत. वरच्या आळीतले दोन-दोन सदरे घालून आले होते, म्हणजे खिसे चार. राजे सकाळपासून उपाशी. नुसत्या तुपाच्या वासावर ते एकामागून एक पंगती उठताना बघत होते.

अखेर ते शेवटच्या पानावर बसले. वाढप्याने परात तिरकी केली. त्यातून अर्धा लाडू घरंगळत आला आणि पानावर थांबला. राजांनी तो एका घासात संपवला आणि वर पाहिलं.

“आणखी?”

वाढप्याने परात उलटी करून दाखवली.

कारभाऱ्यांचा चेहरा खुलला. “उरला तर एकही नाही. आता कमी पडलं का, तेवढं राजांनी उभं राहून सांगावं. हुकूमच आहे तसा.”

राजे उठू लागले. ठकू वाकून हळूच म्हणाली, “सांगा ना, राजे. पाच हजार लोकांसमोर सांगा, की गुमानसिंहांच्या घरी गुमानसिंहांनाच जेवण पुरलं नाही. दवंडीवाला तयारच आहे.”

राजे अर्धवट उठलेले तसेच थांबले. त्यांच्या पोटातून असा आवाज आला, की अंगणातल्या हत्तीने त्याला उत्तर दिलं.

“पडलं का कमी?” कारभाऱ्यांनी पुन्हा विचारलं.

राजे खाली बसले. “छे छे. माझं पोट भरलंय.”

“अगदी असंच म्हणते माझी आई,” ठकू म्हणाली. “वीस वर्षं झाली. आमच्या घरचा अंदाज एकदाही चुकलेला नाही.”

 आधी राजांची मिशी हलली, मग खांदे, आणि मग ते रिकामं पोट दोन्ही हातांनी धरून असे हसले, की पुढ्यातलं केळीचं पान उडून कारभाऱ्यांच्या पगडीवर जाऊन बसलं!

खाण्याचा आणि उपाशी राहण्याचा हुकूम त्यांनी तिथेच फाडला. तात्यांना घरबसल्या पगार बांधून दिला. ठकूला अंदाजनवीस केलं, छत्री आणि शिपायासकट.

“आणि वर बक्षीस काय हवं?”

“एक हुकूम लिहून द्या, राजे. आमच्या एकट्या घरापुरता.”

राजांनी हुकूम लिहिला आणि त्यावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूच्या आईने सगळ्यांच्या आधी पाटावर बसून तव्यावरची गरम भाकरी खाल्ली, आणि शेवटच्या पानावर तात्या बसले.