उंचीतून शंभर वजा

“बाबा, तुमची उंची किती?”

“कुठली सांगू? तरणाताठा होतो तेव्हाची, का आत्ताची वाकलेली?”

डॉक्टर तुळशीराम हातातल्या टेपकडे बघत राहिला. मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते, मला हसूच आलं. टेकडीवरच्या याच मठात हे पोर हिरागीर बाबांच्या मांडीवर वाढलं. दुधात भाकरी कुस्करून मीच भरवायची त्याला. काय दिवस होते ते! आता शहरात मोठा दवाखाना, खाली गाडी उभी, अन् जिभेवर नुसते आकडे.

“तेव्हाचीच धरू. पाच फूट नऊ इंच, म्हणजे एकशे पंचाहत्तर सेंटिमीटर. त्यातून शंभर वजा. वजन पंचाहत्तर किलो पाहिजे. तुमचं भरलं बेचाळीस!”

“एकाच उंचीचे पैलवान अन् दमेकरी... दोघांनाही पंचाहत्तर?”

“अंदाज असतो तो, बाबा.”

“मग अंदाजाला एवढा का भितोस?”

तुळशीराम चिडला. “बोलण्यात गुंडाळू नका मला. दवाखान्यात चला. नाहीतर...”



बाबांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, “पाय साथ देत नाहीत. उचलून नेशील तर येतो.”

त्यानं बाबांना पाठीवर घेतलं. पहिल्या पायरीपर्यंत गेला, अन् तिथंच थांबला. त्याचे खांदे हलायला लागले.

“बाबा... काहीच उरलं नाही हो तुमच्यात.”

तव्यावरची भाकरी करपली, करपू दे मेली.

बाबांनी पाठीवरूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“याच पायऱ्यांनी तुला वर आणला होता, असाच पाठीवर. बाजारात कुणी टाकून गेलेलं पोर तू. माझंही घर त्याच साली रिकामं झालं होतं, बायको-पोर दोन्ही गेली... केवढा होतास रे तेव्हा?”

“असेन तीन फूट.”

“कर की मग शंभर वजा.”

तुळशीरामानं बाहीला नाक पुसलं. “तीन फूट म्हणजे एक्याण्णव सेंटिमीटर...” तो पुटपुटला.

“उणे नऊ किलो!” रडता रडता तो हसला. “अहो, लहान पोरांना नाही ते लागू पडत. म्हाताऱ्यांनाही धड नाही.”

“पडतं की,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी तुला पाठीवर घेतला, अन् मी तेवढाच हलका झालो.”