मोरचुदाची टाकी

"पण शून्य म्हणजे शून्यच ना, उमरभाई?"

बेहेरे सरांनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली होती. नळीतलं पाणी नितळ होतं. टाकीत तांब्याचा अंश राहिला असता, तर तपासणीचे थेंब पडताच त्याला रंग चढला असता. तो चढत नव्हता. सलग एकवीस दिवस चढला नव्हता.

समोर स्टुलावर बसलेल्या उमरभाईंनी नळीकडे पाहिलंच नाही. ते टाकीत बघत होते. टाकीत एक दगड होता, आणि दगडाला चिकटलेला, सुपारीएवढा तपकिरी गोळा.

"उमरभाई, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकलं, सर. तुमचं शून्य बरोबर आहे."

"मग?"

"मग काय... हे मरतंय, तेही बरोबर आहे."

सांडू नये म्हणून सरांनी नळी जपून लाकडी स्टँडमध्ये ठेवली, आणि ठेवल्यावर पुन्हा एकदा वाकून पाहिली.

सर रसायनशास्त्राचे डॉक्टर, कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. पाण्यातले धातू हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. उमरभाई होडेकर त्याच कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. ओहोटीला खडकांवर जाऊन प्रॅक्टिकलचे जीव आणायचे आणि परीक्षा होईपर्यंत ते जगवायचे, ही त्यांची नोकरी. शिक्षण सातवी. तीस वर्षं सर त्यांना 'अरे उमर' म्हणत आले. आज सकाळी त्यांच्या दारात उभं राहून आपण 'उमरभाई' कधी म्हणून गेलो, हे सरांचं सरांनाही कळलं नव्हतं.

"सर, मला ताकीदपत्र दिलं होतंत तुम्ही. आठवतं? व्हरांड्यात खारं पाणी सांडलं म्हणून."

"आता ते कशाला..."

"अजून आहे माझ्याकडे. सुनेनं लॅमिनेट करून घेतलंय. पाहुणे आले की दाखवते. म्हणते, बघा, आमच्या अब्बांच्या नावावर केवढ्या शिकलेल्या माणसाची सही आहे."

सरांना हसू आलं नाही. आतल्या खोलीत मात्र कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्याचा खोकला झाला.

आत कुमुदताई होत्या. सरांची बायको. प्राणिशास्त्र शिकवायच्या, म्हणजे उमरभाईंच्या 'बाई'. त्यांना आता हॉस्पिटलात हलवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगताना डॉक्टर सरांकडे बघत नव्हते.

दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास त्या म्हणाल्या होत्या, एकदा समुद्रफूल उमललेलं बघायचंय. बस्स, एवढंच. वर्षानुवर्षं मुलांना खडकांवर नेऊन त्यांनी हेच दाखवलं होतं, खडकाला चिकटून फुलासारखे उमलणारे आणि हात लागताच मिटणारे हे जीव. आता पलंगावरून दारापर्यंत जाणं उरलं नव्हतं. तेव्हा सरांनी माळ्यावरची जुनी टाकी खाली काढली.

"हिच्यात आधी काय होतं?" उमरभाईंनी विचारलं.

"गोड्या पाण्यातले मासे. एंजल. एकदा त्यांच्यावर पांढरे ठिपके आले. मी मोरचूद घातलं, तांब्याचंच मीठ ते. माप काढून, दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत. एकूण एक वाचले!"

त्या 'एकूण एक वाचले'त अजूनही थोडी ऐट होती. ती त्यांची त्यांनाच ऐकू आली.

"माशाला मोरचूद चालतं, सर. समुद्रफुलाला नाही चालत."

"ते मला ठाऊक आहे हो! तांबं मुरून राहतं हेही ठाऊक आहे. म्हणून तर..." सर बोटांवर मोजू लागले. "जुनी वाळू फेकली. पंप फेकला, नळ्या फेकल्या. काचा जोडणारं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, नवं भरलं. व्हिनेगर भरून चार दिवस ठेवली. मग साधं पाणी. मग कोळशातून गाळलेलं. मग पुन्हा व्हिनेगर..." त्यांना धाप लागली. "काय राहिलं? तुम्ही सांगा. माझं कुठे चुकलं ते सांगा. तीन मेली, उमरभाई. पहिलं नऊ दिवसांत गेलं. दुसरं बारा. तिसऱ्याच्या वेळी मी मोजलंच नाही. हे चौथं."

"पाणी कुठलं?"

"समुद्राचं. तुमच्याच जागेवरचं. मोठ्या भरतीचं आणवलं, तलम कापडातून गाळलं."

"प्लास्टिकच्या पिंपातून?"

"नव्या पिंपातून. धुऊन घेतलेल्या."

काचेच्या वरच्या कडेला, जिथे पाणी संपत होतं तिथे, उमरभाईंनी बोट टेकवलं. बोट तिथेच राहिलं. बराच वेळ.

सरांना तो वेळ सहन होईना. तोंडी परीक्षेला आलेल्या मुलासारखे ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"उकडतंय फार," उमरभाई म्हणाले. "प्यायला पाणी मिळेल, सर?"

एवढं विचारतोय, आणि ह्याला पाणी सुचतंय! पण सर गेले आणि पेला भरून घेऊन आले.

उमरभाईंनी एक घोट घेतला. गिळला नाही. तोंडात धरून ते आढ्याकडे बघत राहिले. मग गिळला.

"कुठलं हे?"

"घरचंच. फिल्टर केलेलं. का?"

उमरभाई गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि न विचारता स्वयंपाकघरात गेले. सर मागोमाग.

ओट्याच्या कोपऱ्यात हंडा होता. चिंच-मीठ लावून घासलेला, लखलखीत. तांब्याचा.

"हा केव्हापासून?"

सर अडखळले. "कुमुदला हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून. म्हणजे... रात्रभर ह्यात ठेवलेलं पाणी चांगलं असतं, असं लोक..." त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. असल्या गोष्टींना आयुष्यभर भर वर्गात हसलेला माणूस. पण औषधं बंद झाली तेव्हा हातात काहीतरी हवं होतं. "मीच आणला. बाजारातून. मीच घासतो."

"टाकीतलं पाणी आटतं, सर. वरून गोडं घालत असाल ना?"

"रोज सकाळी. दोन-अडीच लिटर. घरातलं सगळ्यात चांगलं म्हणून मी..."

वाक्य तिथेच राहिलं.

"पण तपासणीत..." सर हंड्याकडे बघत म्हणाले. "तपासणीत शून्य..."

"तुमच्या थेंबांना एवढं थोडं दिसत नसेल. त्याला कळतं."

रोज थोडं. थेंबांना न दिसणारं. आणि आटणाऱ्या पाण्याबरोबर न जाता मागेच राहणारं. हे गणित पहिल्या वर्षाच्या पोरानंही मांडलं असतं. सर ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसले. म्हातारी माणसं सांभाळून बसतात तसे नाही; धपकन.

"मी," ते म्हणाले. "अंघोळ करून, चष्मा पुसून... रोज सकाळी मीच."

उमरभाई उभेच होते.

"आणि तिलाही हेच देतोय मी."

"माणसाला काही होत नाही एवढ्यानं."

"बरं तरी होतं का?"

पेल्यात उरलेलं पाणी उमरभाईंनी पिऊन टाकलं, पेला विसळला आणि पालथा घातला.

"आता काय करायचं?"

"सगळं पाणी काढायचं. वाळू काढायची. काच परत धुवायची. नवं पाणी भरलंत की ते मुरू द्यायचं. सहा आठवडे धरा."

"सहा आठवडे..."

दोघांपैकी कोणीही आतल्या खोलीकडे पाहिलं नाही.

"बादलीतून आणून नुसतं दाखवलं तर?"

"आणलेलं मिटतं, सर. दोन दिवस, चार दिवस, त्याच्या मनाला येईल तेवढं. आणि परक्या पाण्यात, खोलीच्या उकाड्यात..."

"मिटलेलं नकोच आहे तिला. पहिलं आणलं तेव्हाच म्हणाली, मिटलेलं काय दाखवता, ते मी आरशात बघतेच की."

उमरभाईंच्या ओठाची एक कड हलली. "बाई त्या."

तेवढ्यात आतून हाक आली. आवाज बारीक, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय त्याची गेली नव्हती.

"अहो! फुललं का?"

सर उठायला गेले आणि ओट्याचा आधार घेऊन तसेच राहिले.

"रोज विचारतात?" उमरभाईंनी हळू विचारलं.

"रोज."

"काय सांगता?"

"उद्या."

"...हं."

"अहो, आणि उमरभाईंना चहा टाकलात का? का नुसतीच त्यांची परीक्षा घेताय?"

"घेतला, बाई!" उमरभाई ओरडून म्हणाले. चहा कोणी केलाही नव्हता.

ते पुन्हा बाहेर टाकीशी आले. सोबत आणलेल्या पिशवीतून त्यांनी झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा काढला. डब्यात पाणी होतं. आज सकाळी खडकांतून भरलेलं, तळाला चार वाळूचे कण.

"काढा हे. मी नेतो. संध्याकाळी ओहोटी आहे, जागेवर ठेवतो."

"जगेल?"

"माहीत नाही."

"निदान शक्यता तरी..."

"माहीत नाही, सर."

सर चिमटा शोधू लागले. टाकीवरचं झाकण, स्टँड, नळ्या, वह्या सगळं हलवून झालं.

"हातानं," उमरभाई म्हणाले. "तुम्हीच."

सरांनी बाही सरकवली. हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. दगड वाटला होता त्याहून जड निघाला. त्यावरच्या गोळ्याला बोट लागलं तेव्हा तो मऊ लागला, फार मऊ, आणि क्षणभर बोटाला काही चिकटल्यासारखं झालं. की तो आपला भास होता, हे सरांना ठरवता येईना. त्यांनी बोट तसंच धरून ठेवलं. पुन्हा काही झालं नाही.

दगड डब्यात गेला. झाकण बसलं. टाकीत आता नुसतं पाणी उरलं, वर दिवा, आणि पंपाचे बुडबुडे. चार महिने आपण ह्या खोलीत राहिलो, आणि बायको शेजारच्या खोलीत. मध्ये एक भिंत.

हे सरांच्या मनात आलं, आणि आलं ते जाईना.

"अहो..." आतून पुन्हा. ह्या वेळी शेवटच्या बाकापर्यंत न पोचणारी हाक. "सांगेल का कोणी मला?"

सरांच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं. फरशीवर, पायावर. खारा, शेवाळाचा वास येत होता. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. त्यांनी तिकडे हात नेला.

"काय सांगू तिला?" ते म्हणाले. "उमरभाई, उद्या म्हणता येत नाही. आता काहीच नाही माझ्याकडे. मी आत जाऊन काय सांगू?"

उमरभाईंनी टॉवेल ओढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"पुसू नका, सर. समुद्राचा वास आहे हाताला. असेच जा."