तीन पाण्यांचे भाडे

एका राज्यात नदी लहरी होती आणि राजा हट्टी होता. नदी कधी दुथडी भरे, कधी वाळूत रांगे. राजा मकरध्वज मात्र म्हणे, माझ्या राज्यात सगळे एका मापाने चालावे.

खालच्या बंदरातून मीठ पडावांत भरून, म्हणजे रुंद पोटाच्या मालवाहू नावांत भरून, राजधानीला येई. पडावाचा म्होरक्या तो तांडेल. तो पहाटे वेळूची काठी पाण्यात सोडी आणि हाक देई, "चार हात!" नाहीतर, "दोन हात!" त्या हाकेवर माल भरे, त्या हाकेवरच भाडे ठरे. काठी डोहातल्या जादूगाराने दिलेली. ती कुणाच्याही हातात खोटे बोलत नसे.

राजाला हे पटेना. "परवा शंभर गोण्यांमागे एक गोणी भाडे, आणि आज तीन? ही काठीआडची लबाडी आहे." त्याने काठी खजिन्यात कोंडली आणि घाटावर ताम्रपट ठोकला: बारा महिने, शंभरांमागे दोन.

त्याच दिवशी जादूगाराने शाप उच्चारला: पाणी न मोजता भरलेला पडाव दगड होईल. तो आणि त्याचा उःशाप ऐकला फक्त टिटवीने.

राहीचा नवरा केरू तांडेल उन्हाळ्यात बंदरात उभा होता. उथळ पाण्यात थोडा थोडा माल तीन खेपांत न्यावा, तर दोन गोण्यांत खलाशांचे पोट भरेना. जिवावर उदार होऊन त्याने शंभर गोण्या एकदम भरल्या. राजधानीच्या घाटासमोर पडाव वाळूत रुतला आणि केरू, सात खलाशी, सगळे मीठ, जागच्या जागी दगड झाले. मागून आणखी एकोणीस पडाव तसेच गेले. राजधानी अळणी जेवू लागली.

राही रोज पोहत जाई आणि दगडी खांद्यावरचे शेवाळ पुसे. तिसऱ्या पुरानंतर तिने पाहिले, केरूचा डावा कान झिजून गेला होता. आणखी एक पावसाळा, मग चेहराही राहायचा नाही. ती वाळूवर बसून हमसून हमसून रडली.

"रडून पाणी वाढत नाही, बाई," अंड्यांवर बसलेली टिटवी म्हणाली. "राजाला पडावावर चढव. जादूगार तीन दिवसांत तीन तऱ्हांचे पाणी दाखवील. रोज शंभर गोण्या पोचवा. रोज तुझ्या आणि राजाच्या तोंडून सारखेच भाडे निघाले, तर शाप फिटेल."

राही दरबारात गेली. "महाराज, मीठ हवे असेल तर उठावे. काठी बरोबर घ्यावी."

तीन वर्षे अळणी जेवलेला राजा निमूट उठला.

पहिल्या दिवशी नदी आटली. राजाने काठी सोडली: दोन हात. चाळीस गोण्यांवर पडाव बुड टेकू लागला. एका मालाच्या तीन खेपा झाल्या. राजा गुडघाभर चिखलात उतरून पडाव ढकलत होता. संध्याकाळी दोघे एकदमच म्हणाले, "तीन गोण्या." केरूचे पाय माणसाचे झाले.

दुसऱ्या दिवशी पूर आला. काठी बुडली तरी तळ लागेना. एरवी आठ माणसे पडाव ओढत, तिथे चोवीस लागली. दोराने राजाचे तळहात सोलले. "इतक्या जणांना जेवायला घालायचे," तो धापा टाकत म्हणाला, "चार." राहीही चारच म्हणाली. केरू गळ्यापर्यंत जिवंत झाला.

तिसऱ्या दिवशी पाणी चार हात आणि संथ. शंभर गोण्या एका खेपेत, आठ माणसांत, दुपारच्या आत पोचल्या. राजा आता मवाळ झाला होता. "माझ्या ताम्रपटाचे दोन तरी घे. तुम्ही फार सोसले आहे."

राहीने केरूच्या दगडी चेहऱ्याकडे पाहिले. होय म्हटले, की तो परत येईल. पण काठी तिच्या हातात होती, आणि तिच्याने खोटे बोलवेना.

"एकच, महाराज. आज काम नदीने केले. तिच्या कष्टाचे मी कसे घेऊ?"

ज्यांना राजाने लबाड म्हटले, ते कमी मागत होते. त्याची मान खाली गेली.

"एक," तो म्हणाला.

वीसही पडाव एकदम हलले. केरूने डोळे उघडले. तीन वर्षे घशात अडकलेला प्रश्न आधी बाहेर पडला, "पाणी किती?"

"चार हात, तांडेल!" राजाच ओरडला. राही हसता हसता रडली.

ताम्रपट वितळवून त्याची घंटा झाली. रोज पहाटे राजा घंटा वाजवतो, स्वतः काठी सोडतो, पाणी पुकारतो. मग भाडे ठरते. केरूचा झिजलेला कान काही परत आला नाही. तो दोनदा विचारतो, "किती म्हणालात?" आणि एकेकाळी एक शब्द दुसऱ्यांदा न उच्चारणारा राजा पुन्हा, सावकाश सांगतो.

मीठ ताटात पोचले, नदी आपल्या वाटेने गेली, आणि कहाणी काठाला लागली.