खिंडीतून मागे फिरलेले सैन्य

सालवृक्षांच्या अरण्यात एका उंच कड्यावर एक घार राहत असे. बालमित्रांनो, त्या कड्याखाली एका सिंहाचे राज्य होते. सुरुवातीला ते इतके लहान होते, की घारीची एक घिरटी पुरी होईपर्यंत ते संपून जाई. पण सिंह मोठा पराक्रमी होता. त्याने शेजारची टेकडी जिंकली, मग नदीकाठ, मग पलीकडची बांबूची बने. हत्ती, रानडुकरे, लांडगे त्याच्या सैन्यात आले. घार पुढे उडून वाटा हेरू लागली. बघता बघता राज्य एवढे पसरले, की एका टोकाला ऊन असे तेव्हा दुसऱ्या टोकाला पाऊस पडे. सैन्य निघाले की धूळ आभाळाला भिडे आणि ते पाहून घारीचा ऊर भरून येई.

शेवटी बांबूच्या बनापलीकडचे एक खोरे उरले. तिथल्या गव्यांनी खिंड अडवली होती. त्यांचा म्होरक्या घारीला म्हणाला, "आम्ही मान तुकवणार नाही. ज्यांनी तुकवली, त्यांना तुझा राजा आता ओळखतो तरी का?" घारीने निरोप जसाच्या तसा पोचवला. सिंह म्हणाला, "उंच जा आणि पाहून ये. या खोऱ्यानंतर जिंकायचे किती उरते?"

घार वर गेली, आणखी वर गेली. डोंगरांमागे डोंगर होते, नद्यांमागे नद्या. इतके अफाट राज्य, पण तिथून ते एखाद्या पानाएवढे दिसत होते. तेवढ्यात तिला मागे धूर दिसला. ती झरकन खाली आली. "महाराज, जितकी वर गेले तितकी जमीन वाढतच गेली. तिला शेवट नाही. आणि मागे बांबूचे बन पेटले आहे. चितळांची पाडसे वणव्यात अडकली आहेत."

"रात्रंदिवस खिंड राखून गवे थकले आहेत," लांडग्यांचा नायक म्हणाला. "आज धडक दिली तर खिंड आपली. पाडसे काय, पुन्हा होतील."

"होतील, पण ती ही नसतील," सिंह म्हणाला. "त्यांच्या आयांनी मला राजा म्हटले आहे. सैन्य मागे फिरवा."

मग घारीने जे पाहिले, ते कोणत्याही लढाईत पाहिले नव्हते. हत्तींनी सोंडा भरभरून नदी आगीवर ओतली. रानडुकरांनी गवत उकरून जमीन उघडी केली. खुद्द सिंह धुरात शिरला आणि एकेक पाडस तोंडात धरून बाहेर आणू लागला. तरीही आग हटेना. इतक्यात पाठीमागून जमीन हादरली. गवे येत होते! 'आता दोन्हीकडून मरण,' घारीच्या मनात आले. पण गवे सैन्याला ओलांडून थेट पेटत्या गवतात घुसले आणि खुरांनी आग तुडवू लागले.

आग विझली. राखेने माखलेला म्होरक्या सिंहासमोर उभा राहिला.

"खिंड आता मोकळी आहे," तो म्हणाला.

"खोरे तुमचेच राहू द्या," सिंह म्हणाला.

"खोरे आमचेच आहे. आजपासून राजा मात्र तुम्ही," म्होरक्या म्हणाला आणि त्याने आपली भली मोठी शिंगे सिंहापुढे जमिनीला टेकवली.

तात्पर्य : पराक्रमाने जमीन जिंकता येते; पण जो आपल्या प्रजेसाठी जिंकणे सोडून मागे वळतो, त्याच्यापुढे लोक आपणहून मान तुकवतात.