दोन पियानो, एक झाकण

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका संगीतगृहात काळा आणि शिसवी असे दोन पियानो राहत. एकदा दोघांनी मिळून वाजवायची मोठी रचना ठरली, तेव्हा शिसवीचा आनंद पोटात मावेना. त्याचं झाकण नक्षीदार होतं आणि आज ते साऱ्या शहराला दिसणार होतं.

संध्याकाळी माणसांनी दोघांना समोरासमोर, एकमेकांच्या कुशीत बसवलं. काळ्याचं झाकण उघडून त्याला टेकू दिला. शिसवीचं मात्र बिजागऱ्यांतून काढून आत नेऊन ठेवलं.

शिसवी तडकला. "दादा, तू झाकण मिरवायचंस आणि मी उघडा बसायचं होय? आता असा दणकून वाजतो, की तुझा एक सूर कुणाला ऐकू येणार नाही."

आणि खरंच तो दणकून वाजला. सूर वर उसळला, काळ्याच्या उभ्या झाकणावर आपटला आणि वळून थेट लोकांत शिरला. शेवटच्या रांगेतली म्हातारी ताठ होऊन बसली.

शिसवी चकितच झाला. "दादा, माझा सूर तू कशाला पुढे पाठवलास?"

"माझं झाकण तुझं-माझं करत नाही रे," काळा वाजता वाजता म्हणाला. "तू माझ्या उलट बाजूला तोंड करून बसलायस, म्हणून तुझं लोकांच्या बाजूला उभं राहिलं असतं, तर आपण दोघंही भिंतीआड वाजत बसलो असतो. चल, आता तुझी पाळी."

मग दोघांचे सूर एकमेकांच्या मागे असे धावले, की टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी माणसं झाकण बसवायला आली. शिसवीने बिजागऱ्या इतक्या घट्ट आवळून धरल्या, की शेवटी ती कंटाळून निघून गेली.